ईएन ८ चा यील्ड २८० की ५३०? मटेरियलचा डेटा कुठं शोधायचा आणि कितपत मानायचा

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॉबशॉपला आहेस, एका डाइंगवाल्याच्या हायड्रो एक्स्ट्रॅक्टरचा (ओलं कापड बास्केटमधी गरगर फिरवून पाणी काढणारं मशीन) शाफ्ट तुटलाय, ७५ एमएमचा, ईएन ८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या स्टीलचा, तो नवीन करून द्यायचाय. नेटवर ईएन ८ चा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो, बघितला तर एका ठिकाणी २८० एमपीए (ताणाचं एकक), दुसरीकडं ४६५, तिसरीकडं ५३०. मालक म्हणतो कुठला तरी एक धर आणि काम उरक. शिवाय बास्केटचा ३०४ स्टेनलेसचा पत्रा पण बदलायचाय, त्याचे आकडे कुठून घ्यायचे आणि असला डेटा फुकटात, भरवशाचा कुठं मिळतो.

उत्तर आधी देतो, शाफ्टला २८० धर. पण बाकीचे दोन आकडे खोटे आहेत असं समजू नकोस, तिन्ही बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या मालाचे आहेत आणि साइटवाल्यांनी ते कुठल्या मालाचे ते लिहायचे कष्ट घेतले नाहीत.

ईएन ८ हे नाव १९४१ च्या ब्रिटिश स्टँडर्डमधलं, बीएस ९७० मधलं. नंतर तिकडं त्याला ०८०एम४० म्हणायला लागले, आपल्याकडं मात्र लोखंडाच्या दुकानात अजून ईएन ८, ईएन १९, ईएन २४ असंच चालतं. आता त्या बीएस ९७० च्या टेबलात ०८०एम४० पुढं एक यील्ड लिहिलेला नाही, कंडिशन आणि साइज बघून वेगवेगळे लिहिलेत. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत गार केलेला), १५० एमएम पर्यंत, यील्ड किमान २८० आणि यूटीएस, म्हणजे तुटण्याआधी सोसतो तो जास्तीत जास्त ताण, किमान ५५०. हार्डन-टेंपर करून, म्हणजे तापवून झटकन गार करून परत थोडं तापवून, क्यू कंडिशन, ६३ एमएम पर्यंत, यील्ड ३८५. आर कंडिशन, यील्ड ४६५, पण ती फक्त १९ एमएम पर्यंत. म्हणजे तुझा ४६५ वाला आकडा बोटाएवढ्या जाड बारचा आहे! ७५ एमएमचा बार पाण्यात नाहीतर तेलात बुडवला तरी मधला गाभा तेवढ्या वेगानं थंड होतच नाही, साध्या कार्बन स्टीलची हार्डनेबिलिटी (आतपर्यंत कडक व्हायची क्षमता) तेवढी नसते, त्यामुळं टेबल १९ वर येऊन थांबतं. तुझा शाफ्ट ६३ च्याही पुढं आहे, म्हणजे क्यू पण गेली.

राहिला ५३०. तो ईएन ८ चा नाहीच. अमेरिकन १०४५ ग्रेडचा कोल्ड ड्रॉन (थंड असताना डायमधून ओढलेला) बार असतो त्याचा टिपिकल यील्ड ५३०, हा आकडा डिझाइनच्या पुस्तकांच्या मागच्या टेबलात पण असतो. कुणीतरी "ईएन ८ म्हणजे १०४०, १०४५ च्या जवळपास" असं इक्विव्हॅलंट टेबल (एका देशाच्या ग्रेडला दुसऱ्या देशात जवळची कुठली ते दाखवणारं) बघितलं आणि १०४५ चा आकडा उचलून ईएन ८ च्या पानावर डकवला. तुला दुकानातून मिळणार काळा हॉट रोल्ड बार, तो लेथवर उतरवून ७५ करणार, त्याला कोल्ड ड्रॉनचा आकडा लावायचा काय संबंध? त्याच १०४५ चा हॉट रोल्डचा यील्ड त्याच टेबलात ३१० आहे, वरच्याच ओळीत.

यातून नुकसान किती ते पण बघ. शाफ्टचा व्यास ताकदीच्या घनमूळाच्या उलट प्रमाणात जातो. ५३० धरून ७५ एमएम पुरतो असा हिशोब बसला असेल तर २८० धरल्यावर तिथं ९३ एमएम लागतो. बेअरिंग, हाउसिंग, पुली सगळं बदलतं.

इक्विव्हॅलंट टेबलाबद्दल आत्ताच बोलून घेतो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. इक्विव्हॅलंट म्हणजे केमिस्ट्री साधारण जुळते एवढंच. पट्टे एकमेकांवर थोडे चढतात, पूर्ण बसत नाहीत, आणि मेकॅनिकल प्रॉपर्टी तर हीट ट्रीटमेंट आणि साइजवर असते, ग्रेडच्या नावावर नाही. ते टेबल माल शोधायला वापर, आकडा घ्यायला नको.

आता कुठं शोधायचं. मी स्वतः आधी स्टँडर्ड उघडतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) साइटवर रजिस्टर केलं की भारतीय स्टँडर्ड फुकट डाउनलोड करता येतात, हे अजून कितीतरी लोकांना माहीतच नाही, झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन फिरतात आणि ती पण जुन्या आवृत्तीची. साध्या स्ट्रक्चरल स्टीलचं आयएस २०६२ काढून बघ, ई२५० म्हणून आपण जे डोळे झाकून २५० धरतो ते २० एमएम पेक्षा कमी जाडीलाच, २० ते ४० ला २४० आणि ४० च्या वर २३०. हे नेटवरच्या निम्म्या पानांवर नसतं. कास्ट आयर्नचं आयएस २१० तसंच, एफजी २६० मधला २६० हा वेगळ्या ओतलेल्या ३० एमएमच्या टेस्ट बारचा आहे, तुझ्या जाड कास्टिंगच्या पोटातला नाही, जाड भाग सावकाश थंड होतो, ग्राफाइट मोठं होतं आणि ताकद कमी भरते. आपल्या इथल्या फाउंड्रीवाल्यांना हे तोंडपाठ असतं, ड्रॉइंग काढणाऱ्याला नसतं.

त्यानंतर मॅटवेब, मटेरियलच्या डेटाची साइट. लाखाच्या वर डेटाशीट आहेत, बघायला पैसे लागत नाहीत, सर्च चांगला आहे, मी पण रोज वापरतो. पण तिथला बराचसा डेटा उत्पादकांनी दिलेला आणि टिपिकल आहे, टिपिकल म्हणजे सरासरीच्या आसपासचा, म्हणजे निम्मा माल त्याच्या खाली भरणार. सरासरीवर डिझाइन करायचं नसतं, किमान आकड्यावर करायचं. आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी कॉमेंटची जागा असते ती वाच, कंडिशन, तापमान, टेस्टची पद्धत जे काय असेल ते तिथंच असतं आणि लोक नेमकं तेच सोडून स्क्रीनशॉट काढतात.

एक गंमत सांगतो, आकड्याचा उगम ओळखायची. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा यील्ड कुठंही बघ, २७६ एमपीए. वाटतं काय अचूक मोजलंय, २७५ नाही २७७ नाही. पण २७६ म्हणजे बरोबर ४० केएसआय (हजार पौंड पर स्क्वेअर इंच), आणि त्याचा यूटीएस ३१० म्हणजे बरोबर ४५ केएसआय. म्हणजे मुळात अमेरिकेत कुणीतरी गोल आकडा लिहिला, एका केएसआयला ६.८९५ नं गुणलं आणि तो अचूक दिसायला लागला. आता पाच साइटवर २७६ सापडला म्हणून पाच साक्षीदार मिळाले असं होत नाही, साक्षीदार एकच, बाकीचे चार त्याचीच री ओढणारे. उलट दोन ठिकाणी २७६ आणि २४० असा फरक दिसला तर घाबरू नको, २४० हा एक्स्ट्रूजनच्या स्टँडर्डमधला किमान आहे आणि २७६ टिपिकल आहे. जुन्या देशी पुस्तकात असंच केजीएफ पर स्क्वेअर एमएम असतं, एमपीएचा आकडा ९.८१ नं भागून बघ, बरेच "विचित्र" आकडे गोल निघतात.

किमान आणि टिपिकलच्या भानगडीत सगळ्यात शिस्तीचं काम विमानवाल्यांनी केलंय. मिल-हँडबुक-५ म्हणून अमेरिकन लष्कराचं होतं, शेवटची आवृत्ती ५जे, २००३ ची, तिची पीडीएफ फुकट मिळते, पुढं त्याचं एमएमपीडीएस झालं आणि ते विकत घ्यावं लागतं. त्यात आकड्यापुढं ए किंवा बी बेसिस लिहिलेलं असतं. ए म्हणजे ९९ टक्के माल या आकड्याच्या वर भरेल, आणि हे ९५ टक्के खात्रीनं सांगतोय. बी म्हणजे ९० टक्के माल, खात्री तीच. एस म्हणजे नुसता स्पेसिफिकेशनमधला किमान, त्यामागं आकडेवारी असेलच असं नाही. तू विमान बनवत नाहीस, पण डेटा कसा लिहायचा असतो ते बघायला एकदा ते चाळ.

फटीग (वारंवार ताण येऊन थकून तुटणं) आणि क्रीपसाठी (गरम असताना सततच्या ताणानं हळूहळू लांबणं) जपानच्या निम्स या संशोधन संस्थेचं मॅटनॅव्ही. रजिस्ट्रेशन फुकट आहे. तिथं एकाच ग्रेडच्या वेगवेगळ्या हीटचे (हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा) टेस्ट पॉइंट सुटे सुटे दिलेत, केमिस्ट्रीसकट, आणि आपल्या ईएन ८ च्या जवळचं एस४५सी पण त्यात आहे. आकडे केवढे पसरतात ते डोळ्यांनी दिसतं. नुसता एक आकडा छापलेल्या पानापेक्षा असा विखुरलेला आलेख मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण माल तसाच असतो.

आणि तुझ्या शाफ्टला खरं काम तिथंच आहे. हायड्रो एक्स्ट्रॅक्टरमधी ओले टॉवेल कधीच सारखे बसत नाहीत, एका बाजूला ढीग, मग बास्केट हलतंय, शाफ्टला प्रत्येक फेऱ्याला वाकवणं आणि सोडणं चालू. तुटलेला तुकडा टाकून दिला नसशील तर त्याचं तोंड बघ, की-वेच्या (चावी बसवायची खाच) कोपऱ्यापासून शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर तो यील्डमधी गेलाच नाही, फटीगमधी गेलाय. मग यील्ड २८० की ५३० हा वादच बाजूला. हिशोब असा की यूटीएस ५५० धरला तर चकचकीत टेस्ट पीसची एंड्युरन्स लिमिट (ज्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी तुटत नाही तो ताण) साधारण अर्धी, २७५. लेथच्या फिनिशचा फॅक्टर ०.८५ च्या आसपास, ७५ एमएम साइजचा ०.७७ च्या आसपास, आले १८०. की-वेचा फॅक्टर २ धर, राहिले ९०. कुठं ५३० आणि कुठं ९०. की-वेच्या कोपऱ्याला रेडियस दिला आणि खांद्यावर टूलच्या रेषा ठेवल्या नाहीत तर महागडी ग्रेड घेण्यापेक्षा जास्त फायदा होईल. आणि शाफ्ट वाकतोय म्हणून कुणी ईएन २४ घे म्हणालं तर तुटण्यासाठी ठीक आहे, लवचिक वाकण्यात मात्र फरक शून्य, यंग्ज मोड्युलस (लवचिक वाकण्याला होणारा विरोध) असल्या सगळ्या कार्बन आणि अलॉय स्टीलचा २०० ते २१० जीपीए एवढाच असतो.

आता टीसी. मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागायचंच, पण कुठलं ते बघून. ईएन १०२०४ (हे युरोपियन स्टँडर्ड, ईएन ८ शी संबंध नाही) प्रमाणे ३.१ म्हणजे त्याच हीटची टेस्ट, आणि सही प्रॉडक्शनपासून वेगळ्या असलेल्या क्वालिटीवाल्याची. २.२ म्हणजे कंपनीच्या नेहमीच्या मालाचे आकडे, तुझ्या बारचे नव्हेत. ३.२ ला बाहेरचा इन्स्पेक्टर पण सही करतो. टीसीवरचा हीट नंबर बारच्या टोकावर पंच केलेला असायला पाहिजे, नसेल तर ती झेरॉक्स कुठल्याही बारची असू शकते. आमच्याकडं एकदा एका सप्लायरनं, नाव नको, एकच टीसी दोन वेगळ्या व्यासाच्या बारांना लावून दिली होती, हीट नंबर एक, बारवर पंच कशावरच नाही. माल परत.

आणि हे नीट ध्यानात घे, टीसीवरचा आकडा माल घ्यायला असतो, डिझाइनला नाही. टीसीवर यील्ड ३४० आला म्हणून हिशोबात ३४० धरायचा नाही, पुढच्या वर्षी तोच शाफ्ट परत करशील तेव्हा दुसरी हीट येईल, २९० ची, ती पण स्टँडर्डमधी पासच.

स्वतः तपासायचं तर हार्डनेस सगळ्यात स्वस्त. कार्बन स्टीलला ब्रिनेल गुणिले ३.४५ केलं की यूटीएस अंदाजे येतो एमपीएमधी. नॉर्मलाइज्ड ईएन ८ चं बीएचएन (ब्रिनेलचा आकडा) १५२ ते २०७ मधी बसतं, आरचं २०१ ते २५५. सप्लायर म्हणाला आर कंडिशनचा माल आहे आणि तुझ्याकडं १७० आलं तर बोलणं संपलं. १७० गुणिले ३.४५ म्हणजे ५८५ च्या आसपास, हा सरळ नॉर्मलाइज्ड माल आहे. फक्त मोजताना वरची काळी साल आणि डीकार्ब झालेला (कार्बन उडालेला) थर घासून काढ, नाहीतर आकडा कमी येतो.

केमिस्ट्री तपासताना एक फसगत होते. हातातली एक्सआरएफ गन (एक्स-रेनं मूलद्रव्यं ओळखणारी) कार्बन वाचत नाही. म्हणजे तिच्यासमोर ईएन ८ आणि साधं एमएस (माइल्ड स्टील) जवळजवळ सारखंच दिसतं, फरक तर कार्बनचाच आहे. कार्बन हवा असेल तर स्पार्कवाला स्पेक्ट्रो लागतो. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली बघ, पण नुसता लोगो बघून नको, एनएबीएलच्या साइटवर लॅबचा स्कोप बघायला मिळतो, त्यात तुला पाहिजे ती टेस्ट आहे का आणि मुदत चालू आहे का ते बघ. टेन्साइल आयएस १६०८ प्रमाणे आणि रिपोर्टवर गेज लेंथ लिहून घे, कारण एलाँगेशन (तुटेपर्यंत किती टक्के लांबलं) गेज लेंथवर, म्हणजे किती लांबीवर मोजलं त्यावर, बदलतं, छोट्या गेजवर टक्का जास्त दिसतो. अमेरिकन पद्धतीत गोल पीसला चार पट व्यास, आपल्याकडं पाच पट, म्हणून दोन डेटाशीटची एलाँगेशन एकमेकांशी थेट ताडून बघायची नाहीत.

३०४ च्या पत्र्याचं वेगळं आहे. एएसटीएम ए२४० मधी ३०४ ला यील्ड किमान २०५, यूटीएस ५१५, आणि ३०४एल ला १७० आणि ४८५. टीसीवर २९०, ३०० असे आकडे येतात, पण बास्केट वेल्डिंग करून होणार, त्यामुळं २०५ च धर, ३०४एल असेल तर १७०. इथपर्यंत सोपं आहे. बाजारात ३०४ म्हणून २०२ (कमी निकेलचं स्टेनलेस) खपवतात आणि टेन्साइल टेस्ट ते पकडत नाही, उलट २०२ जास्त ताकदवान निघतं, त्याचा किमान यील्डच २६० आहे! चुंबक पण दोन्हीला चिकटत नाही. इथं मात्र एक्सआरएफ गन कामाची, निकेल आणि मँगनीज लगेच सांगते.

आणि गंजाचा डेटा? डेटाशीटवर "एक्सलंट कोरोजन रेझिस्टन्स" लिहिलेलं असतं त्याला काडीची किंमत देऊ नको. कशात, किती टक्के, किती तापमानाला आणि किती वेळ, हे चार शब्द नसतील तर ती जाहिरात आहे. तुझ्या डाइंगवाल्याकडं हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट) ब्लीचिंग असेल आणि बोअरचं पाणी खारट असेल तर क्लोराइडमधी ३०४ ला पिटिंग (गंजाचे बारीक खड्डे) होणार, आणि पाणी ६० डिग्रीच्या वर गेलं आणि पत्र्यात ताण असला की स्ट्रेस कोरोजनचे तडे पण जाऊ शकतात. पंपवाल्यांच्या चार्टवर ए, बी, सी ग्रेड असतात त्या बहुतेक साध्या तापमानाच्या असतात. मालकाला पाण्याचा क्लोराइडचा रिपोर्ट माग, आणि ३१६ चा (क्लोराइडला जास्त टिकणारं स्टेनलेस) भाव सोबत काढून ठेव, निर्णय त्याला घेऊ दे.

नायलॉनच्या गिअरचं पण खाली विचारलंयस, ते उरकतो. प्लास्टिकला कॅम्पस नावाचा डेटाबेस आहे, फुकट, त्यात सामील असलेल्या कंपन्यांचा डेटा एकाच आयएसओ पद्धतीनं मोजलेला, त्यामुळं तुलना करता येते. पण त्यात नायलॉनपुढं ड्राय आणि कंडिशन्ड असे दोन आकडे असतात, ६६ नायलॉनचा मोड्युलस ड्रायला ३ जीपीए च्या आसपास आणि हवेतलं पाणी प्यालं की निम्म्यावर. ब्रोशरमधी ड्रायचाच छापतात. लूमच्या शेडमधी सूत तुटू नये म्हणून मुद्दाम दमट ठेवतात, तिथं कंडिशन्डच धर, आणि नायलॉन फुगतं पण, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) ठेव.

डाइंगच्या बॉयलरच्या स्टीमचं काही काम आलं तर यातलं काहीच वापरू नको, ते आयबीआरमधी (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येतं, तिथं मटेरियल आणि अलाउएबल स्ट्रेस कायद्यातूनच घ्यायचे. आणि चॅटबॉटला आकडा विचारायचा मोह होतोच, विचार, शोधायला कुठून सुरुवात करायची ते चांगलं सांगतो, पण आकडा मूळ कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ड्रॉइंगवर जायला नको.

मी एक साधी एक्सेल ठेवतो, आकडा, युनिट, कंडिशन, साइज, किमान की टिपिकल, कुठल्या कागदाच्या कुठल्या टेबलातून, आवृत्तीचं साल. एखादा रकाना रिकामा राहिला की तो आकडा लाल. तुझे तिन्ही आकडे तिथंच लाल झाले असते.

आता तू एवढं कर, तुटलेल्या तोंडाचा फोटो, बारच्या टोकावरचा पंच आणि साल काढून घेतलेले तीन-चार बीएचएन रीडिंग पाठव, आणि मोटर किती एचपी, बास्केट किती आरपीएम ते. की-वेचा हिशोब त्यावर करून देतो, तोवर बार कापू नको.